गुंजेच्या डब्याची जकात

प्रिय जावईबापू,

हे संबोधन वाचून तुला अवघडल्यासारखं होईल. निकाहाच्या दिवशी मी तुला एकदाच जावईबापू म्हणालो होतो, आणि दुसऱ्याच सकाळी तू हात जोडून म्हणालास की अब्बा, मला तू म्हणा, नाहीतर माझ्या मागे दुसरंच कुणी उभं आहे असं वाटतं. गुंज चहाचा कप खाली ठेवून हसत सुटली होती. पण पत्राच्या वरच्या ओळीत काहीतरी घालावंच लागतं, आणि नुसतं ‘प्रिय’ लिहून मी बराच वेळ बसलो होतो. तुझ्या सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. एवढ्या वेळात एक साखळी जोडून झाली असती, असं त्यांचं म्हणणं.

अक्षर वाकडंतिकडं आलं असेल तर त्याचा दोष तुझ्याकडे जातो. तू करून दिलेला चष्मा आता पुरत नाही. सोन्याला डाग देताना फुंकणीपुढच्या ज्योती मला दोन दिसतात, आणि मी त्यातली बरी दिसेल ती खरी धरतो. बाजारात चष्म्याची आणखी दुकानं आहेत हे मला माहीत आहे, रोज त्यांच्यावरूनच जातो. गेलो नाही एवढंच. मुद्दाम नाही. एखादं काम राहून जातं तसं ते राहून गेलं, आणि या वर्षात अशी पुष्कळ कामं राहून गेली आहेत.

फोन करता आला असता असं तू म्हणशील. आपण फोनवर काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतोस तब्येत कशी आहे, मी म्हणतो ठीक आहे. मी विचारतो दुकान कसं चाललंय, तू म्हणतोस चाललंय. मग आता फोन कोण ठेवणार याची दोघंही वाट बघतो. दुकान चाललेलं नाही, हे मला दुसऱ्याकडून कळलं. महिनाअखेरीला तू चावी मालकाच्या हातात देऊन दूरच्या कुठल्याशा शहरात नोकरीला जाणार आहेस, हेही त्याच माणसाकडून कळलं. ती चावी देण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं आणि तू ते शेवटपर्यंत वाचावंस, एवढीच माझी धडपड आहे. मधेच ठेवून देऊ नकोस. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे.

परवा माझी जकातीची तारीख येऊन गेली. ही तारीख कशी पडली ते गुंजेने तुला सांगितलं असेल, पण म्हातारा माणूस सांगितलेलंच सांगतो. तरुणपणी माझ्याकडे एका भाड्याच्या गाळ्याशिवाय आणि उसन्या काट्याशिवाय काही नव्हतं. मग एक दिवस असा आला की सगळी देणी वजा जाऊन हाताशी निसाबाइतका ऐवज उरला, म्हणजे ज्या रेघेपलीकडे माणसाला द्यावंच लागतं ती रेघ मी ओलांडली. माझ्या वडिलांनी मला तो दिवस पाठ करून ठेवायला लावला. तेव्हापासून चंद्राच्या हिशेबाने वर्ष भरलं, की जवळ जे सोनं-नाणं, जो माल असेल त्याचा चाळिसावा हिस्सा काढायचा आणि हक्कदाराला द्यायचा. चंद्राचं वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा आखूड, त्यामुळे माझी तारीख दर वर्षी थोडी मागे सरकते. कधी पंख्याखाली घाम पुसत हिशेब करायचा, कधी शेकोटीपाशी. गुंज लहान असताना म्हणायची की सगळ्यांच्या तारखा पुढे जातात, आमच्या अब्बांची तेवढी उलट्या पावली चालते.

वडील म्हणायचे की याला दान समजू नकोस. दान मनात आलं तर करतात आणि नाही आलं तर राहतं. जकातीला तुझ्या मनाशी काही घेणं नाही. तो हिस्सा दुसऱ्याचाच असतो, वर्षभर तुझ्याकडे नुसता राहायला आलेला असतो, आणि तारीख आली की त्याला त्याच्या घरी पोहोचवून यायचं. एवढं केलंस की उरलेलं तुझं, तेही स्वच्छ. मला हे तेव्हा जरा कोरडं वाटायचं. म्हणजे द्यायचं ते मायेने का देऊ नये, असं. या वर्षी ते पटलं. या वर्षी माझ्या मनाचा काही ठावठिकाणाच नव्हता, तरी तारीख आली, आणि मनाला न विचारता करता येईल असं एक काम माझ्यापुढे होतं, याचा मला आधार वाटला.

तुला माहीत आहे, आमच्या दुकानात लोक मोडायला आणि घडवायला येतात त्याहून जास्त या वजनासाठी येतात. जो तो आपल्या तारखेला दागिने रुमालात बांधून आणतो आणि म्हणतो, चाचा, जरा यातलं सोनं किती ते सांगा. मी खडे सोडून, आतली लाख सोडून, दोरे-गोंडे सोडून निव्वळ सोनं सांगतो. ज्यावर जकात नाही ते कुणाकडून भरून घ्यायचं नाही, हा माझा हट्ट. त्या ठेकेदाराची गोष्ट तर गुंज प्रत्येक पाहुण्याला सांगायची. वर्ष भरायच्या दोन दिवस आधी तो सगळं सोनं बायकोला बक्षीस देऊन टाकायचा, म्हणजे त्याच्याकडे वर्ष पुरं होत नाही. मग बायकोचं वर्ष भरत आलं की ती ते परत त्याला बक्षीस द्यायची. दोघांत एवढं औदार्य की विचारू नकोस. गुंज म्हणायची, अब्बा, या दोघांच्या संसारात सोन्याला तेवढं माहेर-सासर घडतंय. माझ्याकडे वजनाला यायचे ते कशाला, तर परत मिळालेलं कमी तर नाही ना, हे बघायला.

हिशेब मात्र ती शाळेत असल्यापासून तीच करायची. मी वजन सांगायचं आणि तिने कॅल्क्युलेटर बडवायचा. काउंटरच्या पलीकडे उंच स्टुलावर बसायची, आल्या आल्या चष्मा काढून ओढणीने पुसायची, आणि सगळं झाल्यावर मला विचारायची की या वर्षी कुणाला. मग आम्ही दोघं बसून माणसं आठवायचो. कुणाचं काम सुटलंय, कुणी औषधपाण्यात बुडालाय, कुणाला सांगितलेलं चालणार नाही. घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगायची सक्ती नसते, हे तिला फार आवडायचं. देणाऱ्याच्या मनात ठरलेलं असलं की पुरे. ती पाकिटं अशी काही पोहोचवायची की घेणाऱ्याला वाटावं, त्यानेच आमच्यावर उपकार केले.

गेल्या वर्षीची तारीख दवाखान्यात आली. तू औषधं आणायला खाली गेला होतास. मी कॉरिडॉरच्या बाकावर बसून आकडे जुळवत होतो आणि ते जुळत नव्हते. तिने आतून हाक मारली, कागद मागितला, उशीला टेकून सगळं करून दिलं, आणि नेहमीसारखं विचारलं की या वर्षी कुणाला. मी दोन-तीन नावं सांगितली. तिला थकवा आला होता, तरी तिने त्यातलं एक बदललं. त्या माणसाच्या मुलाला आता नोकरी लागली आहे, म्हणाली, ते दुसऱ्या कुणाला द्या. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच ती गेली. म्हणून बघ, लोकांच्या हिशेबी अजून वर्ष भरायचंय. नातेवाईक विचारतात की वर्ष कधी, आणि मी कॅलेंडरावरची तारीख सांगतो. मी मात्र तिने शेवटचा हिशेब करून दिला त्या दिवसापासून मोजतो, आणि ते चंद्राचं वर्ष परवाच भरलं.

या वर्षाबद्दल तुला काय सांगू? तुझं कसं गेलं ते तू सांगत नाहीस आणि मीही विचारलेलं नाही. माझं काहीच झालं नाही. हे वाईट वाटण्यासारखं आहे, पण तेही वाटत नाही. मय्यतीनंतर तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि एका बाईच्या कानातल्याची फिरकी बसवून दिली. लोक म्हणाले, फार धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हता. एकदा सोनं आटवायची तापलेली मूस मी चिमट्याशिवाय उचलली आणि मांस जळाल्याचा वास आल्यावर कळलं. तुझ्या सासूबाई रडतात, भांडी घासताना रडतात, मग डोळे पुसून मला जेवायला वाढतात आणि मी जेवतो. काय वाढलं होतं ते हात धुतल्यावर आठवत नाही. डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले. म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. मी म्हटलं, ते माझ्याही लक्षात आलंय.

आणि तो डबा. ती गेल्यावर आठवड्याभराने तू तो घेऊन आलास. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, चष्मा गळ्यात अडकवायची काळी दोरी असते ना तिने बांधलेला. तू टेबलावर ठेवलास आणि म्हणालास की अब्बा, हे तुमचं. तुम्ही तिला घातलेलं सगळं यात आहे, एकही वस्तू कमी नाही. मी बरं म्हटलं. तुला वाटलं की बापाने दिलेलं बापाकडे जावं, आणि मलाही ते त्या वेळी बरोबरच वाटलं. खरं म्हणजे बरोबर-चूक असं काही वाटायच्या स्थितीत मी नव्हतो. चहा न घेता तू गेलास. मी डबा उचलून तिजोरीच्या खालच्या कप्प्यात ठेवला. रोज सकाळी तिजोरी उघडतो, माल बाहेर काढतो, डबा दिसतो. रोज संध्याकाळी माल आत ठेवतो, डबा दिसतो. दोरीची गाठ तुझीच आहे अजून.

परवा तारीख आली तेव्हा पहिल्यांदाच त्या डब्याला हिशेबात धरायचं होतं. तिच्या अंगावर होतं तोवर ते तिचं, त्याची जकात ती स्वतः द्यायची. आता ते माझ्याकडे होतं. मी डबा काट्याशेजारी आणून ठेवला आणि दोरीला हात लावला, आणि मग दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचं काम घेऊन बसलो. दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा तुझ्या सासूबाईंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, उघडायचं कशाला? सगळे दागिने तुम्हीच घडवलेत, एकेकाचं वजन तुम्हाला पाठ आहे, तेवढ्यावर देऊन टाका. खरं आहे, पाठ आहे. पण ते लग्नातलं वजन. सोनं वापराने झिजतं, जावईबापू. बांगड्या बांगड्यांना घासतात, पाण्यात, पिठात, दाराच्या कडीला लागतात, आणि वर्षामागून वर्षं त्यातलं कणकण सोनं कुठे जातं ते सोनारालाही सापडत नाही. तुमच्या घरात ती जेवढी वर्षं नांदली तेवढं सोनं त्यातून कमी झालेलं असणार. किती, ते काट्यावर ठेवल्याशिवाय कळणार नाही, आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी मान डोलावली. जास्त गेलं तर गेलं, जास्त दिलेलं सदका होतं, म्हणजे आपखुशीचं दान, त्याला कुणाची हरकत नसते. जन्मभर लोकांच्या दागिन्यांतली लाख वजा करत आलेला मी, आणि माझ्या मुलीच्या हातून झिजून गेलेल्या सोन्याचीही जकात भरायला तयार झालो. तेवढ्याने डबा बंद राहणार होता.

मग संध्याकाळी दुकानात तो चष्मेवाला आला. चौकातला, ज्याच्या पाटीवरचा डोळा रात्री लुकलुकतो तो. बायकोच्या बांगड्या वजनाला घेऊन आला होता. मी खडे मोजत होतो आणि तो सहज बोलत होता. म्हणाला, चाचा, तुमच्या जावयाचं काचा घासायचं मशीन मीच घेतलं बरं का. फार निगुतीने ठेवलं होतं, अगदी नव्यासारखं. मी विचारलं, कधी? तो म्हणाला, झाले की पुष्कळ महिने, तुमची मुलगी दवाखान्यात होती तेव्हाच. मग बोलता बोलता बाकीचंही त्याने सांगून टाकलं. दवाखान्याचं देणं अजून फिटलेलं नाही, दोन ठिकाणचे हप्ते चालू आहेत, काचा आता तू बाहेरून घासून आणतोस आणि त्यात काही उरत नाही, म्हणून महिनाअखेरीला गाळा सोडायचा. त्याला वाटलं मला सगळं माहीत आहे. मीही माहीत असल्यासारखी मान हलवत राहिलो. त्याच्या बांगड्यांचं वजन मी दोनदा चुकलो.

त्या दिवसांत मी तुला विचारलं होतं, पैशाचं कसं काय? तू म्हणाला होतास, होतंय अब्बा. आणि मी ते खरं धरलं, कारण तू कधी खोटं बोलत नाहीस. काचेचा माणूस काचेचं मशीन विकून बसला आणि बायकोचं सोनं डब्यात भरून सासऱ्याला देऊन आला. तिनेच सांगितलं होतं का तुला, की माझ्या दागिन्यांना हात लावू नकोस? की तुझाच हट्ट? मला तुझा राग आला. नीट वाच, मला राग आला. वर्षभरात मला आलेली ती पहिलीच गोष्ट होती, त्यामुळे मी ती जरा वेळ तशीच जवळ ठेवून बसलो.

घरी येऊन तुझ्या सासूबाईंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत, हे विशेष. कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, मग या वर्षी कुणाला द्यायची हे विचारायलाच नको. पोटच्या मुलीला जकात देता येत नाही, तिचं बघणं हे तसंही बापाच्याच अंगावर असतं. पण जावयाला देता येते, आणि देण्यात बुडालेल्याचा तर त्यात उघड हक्क सांगितलाय. आम्ही दोघांनी बेत केला. तुला नाव कळू द्यायचं नाही. त्याच चष्मेवाल्याच्या हाती पाकीट द्यायचं आणि मशीनचे थोडे द्यायचे राहिले होते असं काहीतरी त्याने सांगायचं. गुंजेला आवडला असता असा बेत होता. फक्त तेवढ्याने तुझा गाळा वाचत नव्हता, हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं.

तरी जावयाचं एकदा विचारून घ्यावं म्हणून काल दिवस कलताना असरच्या नमाजनंतर मी मौलवीसाहेबांच्या खोलीत गेलो. तू ओळखतोस त्यांना, त्यांच्या नाकावरचा चष्माही तुझाच आहे. टेबलफॅन कागद उडवत होता आणि ते एका हाताने कागद दाबून दुसऱ्या हाताने चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, जावयाला देता येते, खुशाल द्या. मी उठलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं की जकात कशाकशावर काढलीत, आणि मी दुकानातला माल सांगितला, घरातलं सांगितलं, आणि गुंजेचा डबा सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला. मुलीला मूल नव्हतं ना? मी म्हटलं, नव्हतं. मग म्हणाले, चाचा, बसा जरा.

त्यांनी जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहितो. मूलबाळ नसलेली बाई गेली, तर तिचं जे काही असेल त्यातलं निम्मं तिच्या नवऱ्याचं. उरलेल्या निम्म्यातला तिसरा हिस्सा आईचा आणि बाकीचा बापाचा. ते कुणी दिलं होतं, कुणी घडवलं होतं, याला काही अर्थ नाही. ते तिचं होतं, आणि तिचा श्वास थांबला त्या घटकेला ते आपोआप वाटलं गेलं. तुम्हाला माहीत असो वा नसो. म्हणजे वर्षभर, ते म्हणाले, त्या डब्यातलं निम्मं सोनं तुमच्या जावयाचं आहे आणि तुमच्या तिजोरीत आहे. त्याच्याच सोन्यावर तुम्ही जकात काढलीत, आणि तीच त्याला लपवून खैरातीसारखी द्यायला निघालात. हे ते हसत म्हणाले नाहीत आणि रागावूनही नाहीत. फॅनचा आवाज होत होता. माझे वडील सांगायचे ना, की दुसऱ्याचं आपल्याकडे राहायला आलेलं असतं. ते माझ्याकडे वर्षभर राहून गेलं आणि मी त्याला ओळखलं नाही.

त्यांनी आणखी एक सांगितलं. स्वतःच्या जकातीत अंदाजाने जास्त गेलं तरी चालतं, पण दुसऱ्याचा हिस्सा अंदाजाने देता येत नाही. लग्नातलं पाठ असलेलं वजन त्याला उपयोगी नाही. आज आहे ते, दोघांसमोर, काट्यावर. आणि तुझ्या निम्म्यावर जकात लागते की नाही, हेही मला ठरवता येणार नाही. तुझी देणी वजा जाऊन काय उरतं ते तुझं तुला ठाऊक. कदाचित तू रेघेच्या या बाजूला असशील, कदाचित त्या. तुझ्या वतीने मी नियत, म्हणजे देण्याचा मनातला संकल्प, करू शकत नाही, तू सांगितल्याशिवाय एक गुंजभर सोनंसुद्धा काढू शकत नाही. म्हणून आधीचा हिशेब मी फाडून टाकला आहे. तुझ्या हिश्शाची जकात दिली गेलेली नाही, याची खात्री बाळग. माझ्या हिश्शाची तेवढी काढून बाजूला ठेवली आहे. कुणाला, ते ठरायचंय. यादी करणारं माणूस नाही म्हणून ते तसंच पडलंय.

आता तुझा हट्ट मला माहीत आहे. तू म्हणशील, मला नको, तुमच्याकडेच राहू दे. तर हे वाचून ठेव की मी तुला काही देत नाहीये. सासरा जावयाला मदत करतोय असं यात कुठेही नाही. ते तिचं होतं आणि तिच्याकडून थेट तुझ्याकडे आलंय, मी फक्त तिजोरीवाला. त्या निम्म्यात तुझं मशीन परत येतं, आणि हप्तेही पुष्कळसे मिटतात, एवढं मी न उघडताही सांगू शकतो. मालकाला चावी देऊ नकोस. निदान इथे येऊन गेल्याशिवाय देऊ नकोस. येत्या रविवारी दुकान बंद ठेवतो. तुझ्या सासूबाईंनी आपला हिस्साही तुलाच द्यायचं ठरवलंय, पण ते त्या स्वतः सांगणार आहेत, तेव्हा तुला माहीत नाही असं दाखव. आणि येताना नंबर तपासायची ती काचांची पेटी विकली नसशील तर घेऊन ये.

हे सगळं झालं सोन्याचं. तेवढ्यासाठी मी चष्मेवाल्याच्या हाती दोन ओळींची चिठ्ठी पाठवली असती. पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि इतकी पानं झाली तरी ती हाताशी येत नव्हती. परवा डबा तिजोरीतून काट्याशेजारी आणला, तेव्हा आत काहीतरी सरकलं आणि पत्र्याला लागलं. सोन्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. ते सोनं नव्हतं. रोज दुकानात आली की ती चष्मा पुसून, त्याच्या दांड्या मिटून माझ्या काउंटरच्या काचेवर ठेवायची, तो आवाज होता. तू बांधताना तो आत ठेवलास आणि मला म्हणालास की हे सगळं तुमचं. आपल्या हाताने केलेला चष्मा तू का ठेवून घेतला नाहीस, ते मी विचारणार नाही. घरात समोर ठेवणं जमलं नसेल. मलाही गाठ सोडवणं जमत नाही, बाळा. काचेवर जकात नसते. त्या चष्म्याच्या वाटणीचं मी मौलवीसाहेबांना मुद्दाम विचारलं नाही, कारण त्यांनी त्याचेही हिस्से सांगितले असते. तू ये. गाठ तुझी आहे, तूच सोड. सोनं आपण काट्यावर घालून वाटून घेऊ, आणि मग तो चष्मा मधे ठेवून, तुझ्या सासूबाई भांडी घासताना करतात तसं, आपणही दोघं जरा बसू.

तुझाच,
अब्बा